उडत्या बोटीच्या लिलावात पहिल्यांदा उतरताना

कोल्हापूरच्या उद्यमनगरात माझं लेथचं दुकान आहे. ऑइल इंजिनाचे आणि पंपांचे सुटे भाग करतो. संध्याकाळी शटर अर्धं ओढलं, की चौघापाच जणांचा कट्टा जमतो. कुणाची यझदी उघडून पडलेली असते, कुणाच्या विलीज जीपचा गिअरबॉक्स टेबलावर असतो. दसऱ्याला छत्रपतींची जुनी मेबॅक मोटार बघत वाढलेलं गाव हे, जुन्या यंत्राचं वेड इथं वेगळं शिकवावं लागत नाही. गेली काही वर्षं मात्र आमची गाडी रस्ता सोडून पाण्यात घसरली आहे. परदेशातल्या लिलावांत अधूनमधून जुन्या फ्लाइंग बोटी, म्हणजे पाण्यावर उतरणारी विमानं, आणि त्यांचे सुटे भाग निघतात. ते आम्ही मोबाइलवर बघतो. पहिल्याच रात्री एक मित्र म्हणाला, "भावा, घेऊया की. रंकाळ्यात उतरवू!"

रंकाळ्यात उतरवता येत नाही. का, ते पुढे येईलच. पण नुसतं बघणाऱ्याला, एखादा छोटा नग (लॉट) घेऊ पाहणाऱ्याला आणि चारपाच जणांत मिळून अख्खी बोटच घ्यायचा नाद लागलेल्याला, तिघांनाही सुरुवातीला काय काय माहीत पाहिजे ते इथं क्रमानं लिहितो. यातलं निम्मं मी पैसे घालवून शिकलोय.

पायरी १: माल ओळखा

पाण्यावर उतरणारं प्रत्येक विमान फ्लाइंग बोट नसतं. ३१ ऑक्टोबर २०२० ला अहमदाबादहून केवडियाला जी सेवा सुरू झाली ती ट्विन ऑटर विमानाची होती. ते साधं विमान, चाकांच्या जागी दोन लांबट तरंगे लावलेलं. फ्लाइंग बोटीचं पोटच बोट असतं, ते सरळ पाण्यात बसतं. त्याच पोटाला आत घेता येणारी चाकं बसवली की झालं ॲम्फिबियन. जमिनीवरही चालतं, पाण्यातही.

या पोटाच्या तळाला मध्येच एक आडवी पायरी असते. फोटोत ती आधी शोधा. वेग वाढताना पाणी तळाला धरून ठेवतं. पायरीपाशी ते तुटतं, मागचा तळ मोकळा होतो आणि मगच बोट पाणी सोडते. इतकी साधी युक्ती, पण तिच्याशिवाय इंजिनं कितीही ओरडली तरी बोट उठणार नाही.

नावं चार लक्षात ठेवली तरी पुष्कळ. कॅटलिना: १९३५ मध्ये पहिलं उड्डाण, पंखांचा पसारा १०४ फूट, प्रत्येकी बाराशे अश्वशक्तीची दोन इंजिनं. सगळ्या कारखान्यांतून मिळून तीन हजारांवर निघाल्या, म्हणून आजही अधूनमधून विकायला येणारी मोठी बोट बहुतेक हीच असते. सन्डरलँड: ब्रिटिश, चार इंजिनांची, ७४९ बांधल्या. आत दोन मजले, स्वयंपाकाची जागा आणि चिनीमातीचा संडास. ग्रुमन गूस: १९३७ ची, छोटी, ३४५ बांधल्या, जन्मापासून ॲम्फिबियन. आणि रिपब्लिक सीबी: दुसऱ्या महायुद्धानंतरची, हजारभर निघाल्या. एका इंजिनाची, घरगुती माणसासाठी केलेली, त्यामुळे त्यातल्या त्यात आवाक्यातली.

दुर्मिळ का झाल्या, हे कळलं की किंमत कळते. १९३० च्या दशकाच्या शेवटी इम्पीरियल एअरवेज या ब्रिटिश विमान कंपनीच्या एम्पायर बोटी कराचीहून राजसमंद, ग्वाल्हेर, अलाहाबाद करत कलकत्त्याला जायच्या. मेवाडच्या तलावावर विलायतेची टपाल उतरायची! त्या जातीच्या ४२ बोटी बांधल्या, आज एकही शिल्लक नाही. अमेरिकेच्या 'बोइंग ३१४' जातीच्या बारा बांधल्या, त्याही सगळ्या गेल्या. युद्धात जगभर लांब धावपट्ट्या झाल्या आणि पाण्यावर उतरायची गरज संपली. राहिल्या त्यांना खाऱ्या पाण्यानं खाल्लं. काहींना तर माणसांनीच बुडवलं. १९४३ ते १९४५ या काळात क्वांटास या ऑस्ट्रेलियन कंपनीच्या कॅटलिना पर्थहून सिलोनच्या कोग्गला तळ्यापर्यंत सलग २७ ते ३३ तास उडायच्या, रेडिओ बंद ठेवून. प्रवाशाला एका प्रवासात दोन सूर्योदय दिसायचे आणि त्याचं प्रमाणपत्रही मिळायचं. युद्ध संपल्यावर अमेरिकेच्या उसनवारीच्या (लेंड-लीज) करारातल्या अटींमुळे त्या कॅटलिना समुद्रात बुडवाव्या लागल्या. म्हणून अशा उड्डाणाचं एखादं प्रमाणपत्र, नकाशा, नोंदवही यांनाच संग्राहक धावतात. आपल्यासारख्यानं तिथूनच सुरुवात करावी. कागद गंजत नाही आणि खंबाटकी घाटात अडकत नाही.

पायरी २: कॅटलॉगची भाषा

कॅटलॉगमध्ये 'लॉट' म्हणजे विक्रीचा एक नग. 'अंदाजित किंमत' ही लिलावघराची अटकळ असते, तिचा भाव धरू नका. 'राखीव किंमत' गुप्त असते आणि तिच्याखाली माल सुटत नाही. 'विनाराखीव' लिहिलं असेल तर शेवटच्या बोलीला माल जातो, मग ती कितीही असो. नवख्यानं असले लॉट आधी नुसते बघावेत. लोक किती वेडेपणा करतात ते कळतं.

'आहे तसं, आहे तिथं' या चार शब्दांखाली सगळा धोका झाकलेला असतो. नंतर तक्रार ऐकली जात नाही आणि उचलून नेणं तुमच्या खर्चानं. 'पूर्ण करण्याजोगा प्रकल्प' म्हणजे सुटे तुकडे. आणि 'असे मानले जाते' हे शब्द दिसले की थांबा. मी थांबलो नव्हतो, ते पुढे सांगतो.

पायरी ३: सातबारा काढा

जमीन घेताना आपण आधी सातबारा बघतो, बोजा बघतो, सर्च रिपोर्ट काढतो. विमानाचंही तेच. अमेरिकन विमानाच्या शेपटावर किंवा धडावर एन पासून सुरू होणारा क्रमांक असतो, ब्रिटिश असेल तर जी पासून. दोन्ही देशांच्या विमान वाहतूक खात्यांच्या नोंदवह्या इंटरनेटवर फुकट बघता येतात. क्रमांक टाकला की मालकाची आणि विमानाची नोंद येते. अमेरिकेतली मूळ कागदपत्रं ओक्लाहोमा सिटीच्या नोंदणी कार्यालयात असतात आणि कर्जाचा बोजा शोधून देणाऱ्या खासगी संस्था आहेत. अख्खी बोट घ्यायची असेल तर हा शोध करून घेतलाच पाहिजे. त्यात कंजूषपणा नको.

त्यानंतर नोंदवह्या. सांगाड्याची वेगळी, प्रत्येक इंजिनाची वेगळी, पंख्याची (प्रोपेलरची) वेगळी. मधली दहा वर्षं कोरी असतील तर विक्रेत्याला लेखी विचारा. मग निर्मात्याची पट्टी, आपल्या भाषेत चासी नंबर. पट्टी अस्सल आणि बाकी सगळा पत्रा नवा, अशी विमानं बाजारात असतात आणि कायद्यानं ती चालतातही. तुम्ही नेमकं काय विकत घेताय ते तुम्हाला माहीत पाहिजे, एवढंच.

इतिहासाची किंमत किती होते, याचा मासला फ्लाइंग बोटीचा नाही, पण डोळे उघडणारा आहे. पी ९३७४ क्रमांकाचं स्पिटफायर १९४० मध्ये फ्रान्समधल्या कॅलेच्या किनाऱ्यावर उतरलं, वाळूनं ते गिळलं आणि ४० वर्षांनी परत वर दिलं. पुढे ते दुरुस्त होऊन उडालं आणि २०१५ मध्ये लंडनला क्रिस्टीजच्या लिलावात ३१,०६,५०० पौंडांना गेलं. त्यातला मूळ पत्रा किती, हा वाद घालणारे घालोत. ते कुठून निघालं, कुठं पडलं, कुणाच्या हाती आलं, याचा धागा कुठंही तुटत नव्हता. पैसे मिळाले ते त्या धाग्याचे.

पायरी ४: तळ बघा, मग तळ बघा, मग परत तळ बघा

मार्केट यार्डात गुळाचा सौदा बघितलाय ना? व्यापारी रव्याच्या, म्हणजे ढेपेच्या, वरच्या रंगावर जात नाही. फोडतो, कणी बघतो, जिभेवर ठेवतो. फ्लाइंग बोटीत जीभ लावायची नसली तरी फोडून बघायची वृत्ती तीच पाहिजे. वरचा रंग, चकचकीत पंखे, चामड्याच्या खुर्च्या हे सगळं आपल्या गावातही होऊन जाईल. तळ गेला असेल तर काही करता येत नाही.

माझी गोष्ट आता सांगतो. मी घेतलं ते एक झाकण. बोटीच्या तळाच्या कप्प्यात डोकावायला जे गोल तपासणीचं झाकण असतं, ते. कॅटलॉगमध्ये लिहिलं होतं, 'सन्डरलँडचे असे मानले जाते'. पार्सल फोडलं आणि पहिल्यांदा वास आला जुन्या तेलाचा. आकारानं जेवणाच्या ताटाएवढं. बाहेरून राखाडी रंग, आतून पिवळट हिरवा हात, म्हणजे जिंक क्रोमेटचा प्रायमर. कडेनं बारा स्क्रूंची भोकं. नऊ भोकं स्वच्छ, जणू काल पाडलेली. उरलेल्या तिघांत कुणीतरी कधीतरी, हाताला सापडले म्हणून, साधे स्टीलचे स्क्रू पिळले होते. त्या तीन भोकांभोवती पांढरी भुकटी. नखानं खरवडली तर पत्र्याचे पापुद्रे सुटले, खारी बिस्किटाचे सुटतात तसे. माझा कारागीर म्हणाला, "दादा, ह्ये तर सडलंय."

सडलंच होतं. ॲल्युमिनिअम आणि स्टील एकमेकांना चिकटले आणि मध्ये खारं पाणी आलं, की बॅटरी तयार होते. त्यात झिजतं ते ॲल्युमिनिअम. तीन स्क्रूंनी एका झाकणाची ही गत केली. तळाला हजारो रिव्हेट, म्हणजे पत्रे जोडणारे खिळे, असतात. झाकण माझ्या दुकानात अजून भिंतीला आहे. नवीन कुणी विमानाच्या गप्पा मारायला आला की आधी ते त्याच्या हातात देतो.

तर फोटो मागताना विक्रेत्याला काय सांगायचं? वरून काढलेले देखणे फोटो नकोत. आतली जमीन उचलून खालच्या कप्प्यांचे पाहिजेत, जिथं पाणी साचतं. तळाच्या त्या आडव्या पायरीच्या आतल्या बाजूचे. चाकं आत जातात त्या खोबणींचे. पंखाखालच्या तरंग्यांचे दांडे जिथं बसतात तिथले. बॅटरीखालचे आणि संडासाखालचे, कारण तिथं मिठाशिवाय आणखीही काही गळत असतं. रंगाला फोड दिसला तर आत भुकटी आहे असंच समजा. रिव्हेटच्या डोक्यांभोवती काळसर ओघळ असेल तर तो रिव्हेट सैल झालाय.

एक प्रश्न नक्की विचारा: बोट गोड्या पाण्यात राहिली की खाऱ्या? तळ्यांवर आयुष्य काढलेली बोट समुद्रातल्या बोटीपेक्षा दोन पैसे जास्त देऊन घ्यावी. रोज उडून आल्यावर गोड्या पाण्यानं धुवायची शिस्त मालकाला होती का, तेही विचारा. उत्तर द्यायला त्याला किती वेळ लागतो, त्यावरूनही बरंच कळतं.

अख्खी बोट घेणार असाल तर तिथल्याच एखाद्या स्वतंत्र मेकॅनिकला पैसे देऊन पाठवा. विक्रेत्यानं सुचवलेला नको. तो नळीचा कॅमेरा घालून आत बघेल, टोकदार अवजारानं फ्रेम टोचून बघेल, दोन दिवस घेईल.

इंजिनाचं मी थोडक्यात सांगतो, कारण उद्यमनगरच्या माणसाला इंजिनाची भीती नसते. गूसला प्रत्येकी नऊ सिलिंडरांची, साडेचारशे अश्वशक्तीची दोन प्रॅट अँड व्हिटनी इंजिनं, कॅटलिनाला चौदा सिलिंडरांची. सिलिंडर गोलात मांडलेले, त्यामुळे बंद पडून राहिलेल्या इंजिनात खालच्या सिलिंडरांत तेल उतरून साचतं. तसंच स्टार्टर मारला तर तेल दबत नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. म्हणून आधी पंखा हातानं फिरवून बघायची रीत आहे. व्हिडिओत मालकानं तसं न करता थेट स्टार्टर मारलेला दिसला, तर त्या इंजिनाचा भाव मनातल्या मनात उतरवा.

पायरी ५: हातोड्याचा आकडा आणि खिशाचा आकडा

त्या झाकणावर हातोडा पडला २४० पौंडांवर. मी खूश. मग बिल आलं. लिलावघराचा खरेदीदाराकडून घ्यायचा अधिभार २५ टक्के, म्हणजे ६० पौंड. त्या अधिभारावर ब्रिटनचा २० टक्के व्हॅट, १२ पौंड. झाले ३१२. पॅकिंग आणि कुरिअर ९५. एकूण ४०७. कार्डावरचं परकीय चलनाचं शुल्क वेगळं, आणि मुंबईला कस्टम अजून बाकीच. अटींमध्ये सगळं लिहिलेलं होतं. वाचलं नव्हतं ते मी. बायकोनं झाकण हातात घेऊन विचारलं, "याला डबा कुठाय?" त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

कस्टमची मेख अशी, की ड्युटी नुसत्या मालाच्या किमतीवर नसते. किंमत, विमा आणि भाडं मिळून जो आकडा होतो त्याच्यावर ती बसते, आणि त्या सगळ्यावर आयजीएसटी, म्हणजे आयातीवरचा जीएसटी. म्हणजे कुरिअर महाग घेतलं तर करही वाढला. व्यापारी रीतीनं आयात करायची तर आयईसी, म्हणजे आयातदार-निर्यातदाराचा क्रमांक लागतो. अख्खं विमान, विमानाचे भाग आणि संग्राह्य वस्तू यांची कस्टममधली वर्गवारी वेगवेगळी आहे. आपला माल कशात बसतो हे बोली लावायच्या आधी क्लिअरिंग एजंटाला विचारा. मोठी रक्कम पाठवायची असेल तर बँकेच्या परकीय चलन विभागातही आधीच जाऊन बसा.

म्हणून उलटा हिशेब करायची सवय लावा. घरापर्यंत येऊन एकूण किती घालायचे ते ठरवा, त्यातून सगळे खर्च वजा करा, उरेल ती तुमची शेवटची बोली. ती कागदावर लिहा आणि कागद दुसऱ्याच्या हातात द्या. आमच्याकडे हे काम चहावाल्या मामांकडे असतं. ते विमान ओळखत नाहीत, म्हणून बधतही नाहीत.

पायरी ६: बोली

बैलबाजारात टॉवेलाखाली बोटं दाबून भाव ठरतो, बघणाऱ्याला कळत नाही. इथं उलट आहे, सगळं उघड्यावर. तरी एक गोष्ट झाकलेलीच राहते. राखीव किमतीपर्यंत लिलाव पुकारणारा विक्रेत्याच्या वतीनं स्वतःच बोली वाढवू शकतो, आणि हे बहुतेकांच्या अटींमध्ये लिहिलेलं असतं. म्हणजे सुरुवातीला तुमच्या विरुद्ध चढणारा तो 'दुसरा माणूस' कदाचित नसतोच. त्याच्या ईर्ष्येला पेटू नका. कोल्हापुरी माणसाला हे सगळ्यात अवघड जातं, हे मला मान्य आहे.

नोंदणी दोनतीन दिवस आधी करा. ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा आणि मोठ्या लॉटला अनामत मागतात. थेट ऑनलाइन बोली लावताना गावातलं नेट दगा देतं, म्हणून माझी पसंती अनुपस्थित बोलीला. आपला कमाल आकडा आधीच कळवून ठेवायचा, लिलावघर आपल्या वतीनं गरजेपुरतीच चढत जातं. माल राखीव किमतीला पोचला नाही तर तो 'न विकलेला' म्हणून बाजूला पडतो. अशा वेळी दुसऱ्या दिवशी शांतपणे ईमेल करा. बोट मोठी असेल तर खरा सौदा कधीकधी तेव्हाच होतो.

पायरी ७: आणायचं कसं, ठेवायचं कुठं

हातोडा पडला की उचलायची मुदत सुरू होते, ती चुकली की रोजचं भाडं. कॅटलिनाचं धड जवळपास ६४ फूट लांब आहे. ४० फुटी कंटेनरमध्ये ते मावत नाही. बाजू आणि छत नसलेल्या खास सपाट कंटेनरवर, पंख वेगळे करून आणावं लागेल. न्हावा शेवाहून कोल्हापूर साडेतीनशे-पावणेचारशे किलोमीटर, वाटेत खंबाटकी. ट्रेलरवाल्याला लांबी सांगितली की तो आधी हसतो, मग भाव सांगतो.

आणि उडवायचं? भारतात १ जानेवारी २०२५ पासून भारतीय वायुयान अधिनियम २०२४ लागू आहे, १९३४ चा जुना कायदा गेला. आयातीपासून व्हीटी क्रमांकाच्या (भारतीय विमानाच्या) नोंदणीपर्यंत आणि उड्डाणयोग्यतेच्या दाखल्यापर्यंत सगळं डीजीसीएच्या, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या, हातात. ऐंशी वर्षं जुन्या विमानाला ते सगळं मिळवणं म्हणजे आयुष्याचं काम. पाण्यावर उतरायच्या परवानगीचा प्रश्न आहेच. रंकाळ्याभोवती सकाळी फिरणाऱ्यांची गर्दी आणि पाण्यात जलपर्णी. राधानगरीचं पाणी मोठं, पण तिथं अभयारण्य आहे. उजळाईवाडीचं विमानतळ १९३९ पासून आहे, त्यामुळे ॲम्फिबियनला चाकांवर उतरायला जागा आहे, असं मित्र अजूनही म्हणतो. म्हणू दे.

तेव्हा आपल्या भागात शहाणपणाचा रस्ता म्हणजे स्थिर प्रदर्शन किंवा छोटे लॉट. ब्रिटनमधून ५० वर्षांपेक्षा जुनी आणि ठरावीक किमतीवरची वस्तू बाहेर काढायला निर्यात परवाना लागू शकतो. लष्करी मालाला अमेरिकेतही वेगळी परवानगी लागते. दोन्ही गोष्टी बोलीआधी विचारून घ्या.

छोट्या लॉटमध्ये एका गोष्टीपासून लांब राहा: अंधारात चमकणारे जुने घड्याळवजा डायल. त्यांच्या आकड्यांवर रेडिअमचा रंग असू शकतो. आता चमकत नाही म्हणून तो मेला असं नाही. चमक देणारं रसायन थकतं, रेडिअम १६०० वर्षांनी कुठं निम्मं होतं. काच कधीही उघडायची नाही, आणि विक्रेत्यानं 'रेडिअम नाही' असं लेखी दिल्याशिवाय बोलीच लावायची नाही.

घरी आलेला पत्रा घासून चमकवू नका. ब्रासो मारला की जुना रंग, शिक्के, भाग क्रमांक सगळं जातं आणि किंमतही जाते. गोड्या पाण्यानं धुवा, पूर्ण वाळवा, पावसाळ्याचे चार महिने जमिनीपासून वर, कोरड्या जागेत ठेवा. माझ्या झाकणाच्या आतल्या बाजूला एक अर्धवट पुसलेला क्रमांक आहे. त्याचे पहिले तीन आकडे वाचता येतात, चौथ्यावर पांढरी भुकटी चढली आहे. भिंगातून तो कधी ३ दिसतो, कधी ८. सन्डरलँडच्या भागांच्या जुन्या याद्या शोधणं चालू आहे.

उन्हाळ्यात लंडनचे दुपारचे दोन म्हणजे आपले संध्याकाळचे साडेसहा, हिवाळ्यात साडेसात. न्यूयॉर्कच्या सकाळी दहाचे उन्हाळ्यात आपल्याकडे साडेसात वाजलेले असतात, हिवाळ्यात साडेआठ. शटर ओढायच्या आधी मोबाइल चार्जिंगला लावा, आणि आकड्याचा कागद मामांकडे दिलाय का ते बघा.